'जम्प' म्हणजे दर वेळी 'उडी' नव्हे

'त्याने थेट निष्कर्षावर उडी मारली' अशी वाक्यं हल्ली भाषांतरित मजकुरात दिसायला लागली आहेत आणि ती वाचताना खटकतात. मराठीत निष्कर्ष काढतात, त्यावर उडी कुणी मारत नाही. 'जम्प टू कन्क्लूजन्स'साठी 'सुतावरून स्वर्ग गाठणे' हा वाक्प्रचार आपल्याकडे आयता आहे. ऑफिसातले दोघं दादर स्टेशनबाहेर चहा पिताना दिसले आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळेला बाकीच्यांनी त्यांचं लग्न ठरवून टाकलं, तर त्यांनी सुतावरून स्वर्गच गाठला. म्हण नको असेल तर 'घाईने निष्कर्ष काढू नका' हे साधं वाक्यही पुरतं.

दोन्ही भाषांतल्या उड्यांचा स्वभाव वेगळा आहे, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. इंग्रजी जम्पमध्ये बऱ्याचदा उतावळेपणा असतो, नाहीतर नियम मोडणं. मराठी उडीत झोकून देणं असतं. लोक चळवळीत उडी घेतात, निवडणुकीच्या रिंगणात उडी घेतात. फुकटचा तोरा दाखवणाऱ्याला 'बापाच्या जिवावर उड्या मारतोस' म्हणतात, ती उडी आणखी निराळी. सेलमधल्या मालावर गिऱ्हाइकांच्या उड्या पडतात, तेवढं मात्र 'जम्प ॲट'शी छान जुळतं.

'जम्प द गन' धावण्याच्या शर्यतीतून आलं. स्टार्टरचं पिस्तूल वाजायच्या आधीच पाय उचलायचा, असा त्याचा अर्थ. पूर्वी अशी चूक पोटात घातली जायची. २०१० पासून नियम कडक झाला, एकदा चुकला की धावपटू बाद. २०११ साली दक्षिण कोरियातल्या देगू इथे जागतिक स्पर्धेत १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत उसेन बोल्ट असाच बाद झाला होता. आपल्याकडे सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटचा करार अजून रजिस्टर झालेला नसतो आणि कुणीतरी खोली रिकामी करून भाड्याच्या घरात गेलेलाही असतो. त्याला 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' हेच लागू पडतं. 'बाजारात तुरी' ही म्हण इथे नको. तिच्यात जी गोष्ट अजून हातातच नाही तिच्यावरून भांडण आहे. इथे गोष्ट ठरलेली आहे, फक्त वेळ झालेली नाही.

'जम्प शिप' जास्त जपून वापरावं. खलाशाने परवानगीशिवाय जहाज सोडून पळणं हा त्याचा मूळ अर्थ, त्यावरून पुढे अडचणीच्या वेळी कंपनी किंवा पक्ष सोडून जाणं. आता ८ जुलै १९१० ची सावरकरांची मार्सेलिसची उडी घ्या. 'मोरिया' बोटीतून समुद्रात उडी टाकली, म्हणजे शब्दशः जहाजावरूनच. तरी इंग्रजीत तिला 'जम्प शिप' म्हटलं तर कर्तव्य सोडून पळाल्याचा वास येतो. कैदेत असलेल्या माणसाने सुटकेसाठी जीव धोक्यात घातला, त्याचं तेज त्या शब्दांत उतरत नाही. मराठीत नुसतं 'ती उडी' म्हटलं तरी पुरतं.

रोजच्या वापरात मुंबईकर बरोबर बोलतात. इंग्रजी बोलताना 'सिग्नल जम्प केला', मराठीत 'सिग्नल तोडला'. 'क्यू जम्प'साठी तर बेस्टच्या रांगेत 'ओ, मध्ये कुठे घुसताय?' एवढं ऐकू आलं की समजतं.

'जम्प थ्रू हूप्स' मात्र मला फार आवडतं. सर्कशीतलं जनावर रिंगमास्टर धरेल त्या कड्यातून उडी मारतं. सर्कस आपल्याला परकी नाही, विष्णुपंत छत्र्यांनी ग्रेट इंडियन सर्कस १८८० मध्येच उभी केली. तरी हा वाक्प्रचार मराठीत सर्कशीतून नाही, कचेरीतून आला: 'खेटे घालायला लावणे', 'उंबरठे झिजवणे'. एका दाखल्यासाठी आधी झेरॉक्स, मग अटेस्टेड झेरॉक्स, मग 'साहेब आज नाहीत'. चौथ्या खेपेला माणूस म्हणतो, 'नुसते खेटे घालायला लावलेत हो'. यातला थकवा कड्याच्या उडीत नाही, म्हणून इथे मला मराठी जास्त नेमकी वाटते.

'बँडवॅगन'वर उडी मारणंही सर्कशीच्याच मिरवणुकीतलं. वाद्यवाल्यांची गाडी पुढे, तिच्यावर चढणारे मागाहून. 'वाहत्या गंगेत हात धुणे' जवळचं आहे, पण त्यात स्वतःचा फायदा असावाच लागतो. निव्वळ सगळे करतात म्हणून करणाऱ्याला ते लावू नये.

राहिलं 'जम्प द शार्क'. १९७७ मध्ये 'हॅपी डेज' या अमेरिकी मालिकेतल्या फॉन्झीने वॉटर स्कीवरून शार्कला ओलांडलं, आणि पुढे मालिकेने ताळ सोडला तो क्षण, या अर्थाने हे रूढ झालं. 'पाणी घालून वाढवली' हे लांबवण्याबद्दल आहे, ताळ सुटण्याबद्दल नाही. रोज रात्री मालिका बघणाऱ्या घरांत यासाठी एखादा शब्द बोलला जात असेल, तर तो कोणता?