सासूबाईंच्या गालात पांढरा चट्टा आणि गावात तपासणी शिबिर. जावं का?

निपाणीची_सून
नमस्कार. आमचं गाव निपाणीला लागूनच. सासूबाई पन्नाशीच्या पुढच्या. विड्या वळण्यात जन्म गेला, आणि सकाळ-संध्याकाळ मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, चुरतात आणि घरीच डबी भरून ठेवतात. परवा दाढ दुखते म्हणाल्या म्हणून मोबाईलच्या बॅटरीत तोंड बघितलं, तर डाव्या गालाला आतून पांढरट चट्टा. कापसानं पुसला, निघाला नाही. त्यांचं एकच, "दुखत न्हाई की गं, मग कशाला दाखवायचं?"

पुढच्या आठवड्यात आरोग्य केंद्रात शिबिर आहे. आशाताई म्हणते, तिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांनी यायचं. तोंड, छाती आणि पिशवीचं (गर्भाशयाचं) तोंड बघतात. मी ३६ वर्षांची. पण पिशवीचं नाव काढल्यावर गल्लीतल्या बायका मागं सरल्या. एकीला खासगी दवाखान्यात नुसतं पांढरं जातंय म्हणून पिशवी काढायला सांगितलं होतं, "ठेवलीस तर कॅन्सर होईल" असं म्हणून. सगळ्यांनी त्याचा धसका घेतलाय. शिबिरात नेमकं काय करतात? आणि मुलगी अकराची आहे, तिला ती पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची लस द्यावी का?

खानापूरची_सिस्टर
सूनबाई, आधी सासूबाईंचं. शिबिराचीसुद्धा वाट बघू नका, दातांच्या नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पुसून न निघणारा पांढरा चट्टा म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण काही चट्टे पुढं त्या वाटेनं जातात. मिसरी रोज ज्या जागी धरतात, बऱ्याचदा तिथंच तो उठतो. लाल चट्टा असला, किंवा पांढऱ्यात लाल दिसलं, तर धोका जास्त. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तिखट सोसेना, तीन बोटं उभी तोंडात जाईनात, गळ्याला गाठ लागते, यातलं काही असलं तर थांबायचं नाही. दाढ टोकदार होऊन गालाला घासते का तेही बघायला सांगा. डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवू म्हणाले तर पाठवू द्या. "तुकडा काढला की पसरतो" हे मी अख्खी नोकरीभर ऐकलं, आणि त्या भीतीनं घरी बसलेल्या बायका पुढं कुठल्या अवस्थेत आल्या तेही बघितलं.

सासूबाईंचं ते "दुखत नाही" आहे ना, माझं भांडण त्याच्याशीच आहे. पोटात कळ आली की बाई रात्री अकराला दवाखाना गाठते. छातीतली गाठ दुखत नाही म्हणून दिवाळी होऊ दे, लग्न होऊ दे, ऊस जाऊ दे करत राहते. सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखतच नाही.

आता पिशवीच्या तोंडाची तपासणी. पडद्याआड टेबलावर झोपवतात, स्पेक्युलम नावाच्या साधनानं आतलं दिसेल एवढं उघडतात, आणि पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्लच ते) कापसानं लावून एक मिनिट थांबतात. बिघडलेल्या पेशी असतील तर ती जागा पांढरी दिसते. थोडं चुरचुरतं, बाकी सगळं दोन-चार मिनिटांचं काम. पाळी चालू असताना जाऊ नका. पांढरं दिसलं म्हणून लगेच कॅन्सर नव्हे. दुर्बिणीनं नीट बघतात आणि गरज असेल तर ती जागा गोठवून किंवा उष्णतेनं जाळून काढतात. एचपीव्ही या संबंधातून लागणाऱ्या विषाणूपासून हा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात, म्हणून तुमच्या वयात ही तपासणी लाखमोलाची. निर्दोष निघाली तर पाच वर्षांनी पुन्हा.

सासूबाईंची पाळी गेली असेल तर हीच तपासणी त्यांना नीट लागू पडत नाही. तो भाग वयानुसार आत सरकतो, वरून दिसत नाही. त्यांच्यासाठी पॅप (तिथल्या पेशी घेऊन बघतात ती) किंवा एचपीव्ही विषाणूची तपासणी विचारा. महाराष्ट्रात उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत यावर मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला. एचपीव्ही तपासणी एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते.

आणि नुसतं पांढरं जातंय म्हणून पिशवी काढू नये. बहुतेक वेळा तो संसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होतो. संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, दुर्गंधी येणारं पाणी, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तर मात्र दाखवायचंच. त्या डागाला "उष्णता" म्हणून सब्जा पाजत बसू नका.

वडगाव_बेळगाव
सिस्टर म्हणतात ते अगदी खरं. माझ्या छातीत बोराच्या बीएवढी गाठ अंघोळ करताना हाताला लागली. नणंद म्हणाली दुधाची असेल. धाकटा तेव्हा सातवीत, दूध कुठलं! दुखत नव्हती. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, मग सुईनं नमुना. लवकर कळलं म्हणून फक्त गाठ आणि काखेतल्या थोड्या गाठी काढल्या, स्तन राहिला, नंतर शेक (रेडिएशन) दिला. गाठीशिवाय कातडी आत ओढणं, खड्डे पडणं, बोंडी नव्यानं आत जाणं, बोंडीतून रक्त येणं हेही बघायचं. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते आपण घरी बसून ठरवायचं नाही.

कार्डाचं सांगते. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएलवाल्यांना वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण मोठ्या उपचाराला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. ती आधी घ्या, मग ॲडमिट व्हा. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, इकडच्या कर्नाटक सरकारनं त्याला विरोध केला. दोन राज्यांच्या भांडणात आपला कागद अडकायला नको. कोल्हापूर-मिरजेला निघण्याआधी तिथं फोन करून विचाराच.

चिकोडी_पाटील
आमच्या घराण्यात कुणालाच नाही, तर घरच्या मंडळींना तपासणीची काय गरज?

खानापूरची_सिस्टर
पाटील, स्तनाचा कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कुणाला नसतोच. असेल तर उलट जास्त जपायचं: आई-बहिणीला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा झाला असेल तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा. अंडाशयाला तर शिबिरातली तपासणीच नाही. पोट सतत फुगणं, दोन घासांत पोट भरणं, वारंवार लघवी, हे आठवडेच्या आठवडे चाललं तर "गॅस" म्हणून सोडू नका. वैनींना शिबिराला तुम्हीच गाडीवरून घेऊन या.

निपाणीची_सून
आभारी आहे आक्का. दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मिसरी सोडायला तयार नाहीत, पोट साफ होत नाही म्हणतात. आणि लसीचं राहिलं.

खानापूरची_सिस्टर
लस ९ ते १४ वयात उत्तम, सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक निघालीय, पूर्वीच्या लसींपेक्षा स्वस्त. एका डोसानंही चांगलं संरक्षण मिळतं असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगतेय. सरकारी केंद्रात आधी विचारा, मग विकत घ्या. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही, हे मुलीला मोठी झाल्यावर सांगा.

मिसरीचं म्हणाल तर सकाळची पहिली चिमूट सुटायला सगळ्यात अवघड, म्हणून आधी संध्याकाळची बंद करा. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, पोटाचं गाऱ्हाणं तिथंच कमी होतं. तंबाखू सोडवायला सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत. डबी लपवू नका, दुसरी भरतील. डॉक्टरांनी चट्टा आरशात दाखवला तर जास्त पटेल, त्यांनाच तसं सांगा.