मुंबईला जाऊन नुसता समुद्रच बघायचा का?

शेंगाचटणी:
सुट्टी लागली की आपल्या सोलापूरची मंडळी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसतात, सकाळी सीएसएमटीला उतरतात आणि गेटवे, मरिन ड्राइव्ह, हाजी अली, जुहू उरकून परत येतात. माझं म्हणणं, एक दिवस लालबाग-परळला द्या. लोकलनं करी रोडला उतरा आणि पुलावर जरा थांबा. खाली चाळींच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, मागे मान मोडेल एवढे टॉवर. तिथून फिनिक्स चालत जाता येतं. गिरणीचा मॉल झाला, धुराडं तेवढं ठेवलंय. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार होते हो! आपण जुन्या गिरणीच्या गावची माणसं. आपण नाही बघायचं तर कोणी?

हिप्परग्याचा वारा:
काय राव! बंद गिरणी बघायला साडेचारशे किलोमीटर जायचं? ती इथं फुकटात दिसते की. माझ्या आईनं पूर्व भागात जन्मभर विड्या वळल्या. मरिन ड्राइव्हच्या कठड्यावर बसली ती उठायलाच तयार नाही. इथं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, आणि समोर नजर पोचत नाही एवढं पाणी. तिला काय धुराडं दाखवू?

शेंगाचटणी:
आईंना बसू द्या की, कोण उठवतंय? पण तो मरिन ड्राइव्हसुद्धा समुद्रात भराव घालूनच झालाय. मागच्या गोलाकार बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. गिरण्यांच्या नशिबी काय आलं? १९९१ च्या नियमात जमिनीचा एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला असं ठरलं होतं. २००१ मध्ये दुरुस्ती करून फक्त मोकळ्या जागेचा हिस्सा द्यायचा असं केलं. मोकळी जागा असणार किती? सगळीकडे शेडच. मैदानं आणि कामगारांची घरं तिथंच आटली.

जुळे सोलापूरकर:
माझे चुलते वरळीच्या बीडीडी चाळीत राहिले, म्हणून बोलतो. १६० चौरस फुटांची खोली, संडास सामाईक, गावाकडचा पाहुणा आला की पुरुष माणसं गॅलरीत झोपायची. आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. तिथं कॅमेरा घेऊन जाऊन "अरेरे, जुनी मुंबई गेली" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. चाळ म्हणजे राणीची बाग नव्हे. टॉवर वाईट दिसत असेल तर दिसू दे, आत नळ आहे.

शेंगाचटणी:
घर मिळालं ते चांगलंच झालं, त्याला कोण नाही म्हणतंय? मी मॉलबद्दल बोलतोय. दोन्ही एकाच पारड्यात घालू नका.

पद्मनगर:
समुद्र वेगळा आणि वस्ती वेगळी, हे कुठून काढलं? वरळी कोळीवाड्यात जाऊन या. किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवणार होते. कोळी म्हणाले, एवढ्यातून भर लाटेत होडी काढायची कशी? भांडून १२० मीटर करून घेतलं. सी-लिंकचा फोटो सगळेच काढतात, त्या होड्या कोणी बघत नाही. आणि आमच्या तेलुगू मंडळींनी कामाठीपुराही लक्षात ठेवावा. नाव पडलं ते तेलंगणातून बांधकामाला आलेल्या कामाठ्यांवरून. आपले पद्मशाली सोलापुरात मागावर बसले, ते तिकडे विटा वाहायला गेले.

हिप्परग्याचा वारा:
होड्या पटल्या. पोरांना पण आवडतील. मॉल नामंजूर, एसीतली दुकानं बघायला मी रजा टाकत नाही.

शेंगाचटणी:
मग लालबागची चिवडा गल्ली तरी?

हिप्परग्याचा वारा:
चिवडा चालेल. पण आईच्या मरिन ड्राइव्हच्या दोन्ही संध्याकाळी पक्क्या. त्यात काटछाट नाही, आधीच सांगून ठेवतो.