मदत हवी आहे: एकाच मीटरवर 12 घरं, पाण्याचे दर कसे लावावेत?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या फोंड्यात आमची छोटी सोसायटी आहे. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं, पण 12 घरांना मीटर एकच. युनिट वाढत गेले की दरही वाढतो, त्यामुळे सगळ्यांचा वापर एकत्र मोजला जाऊन बिल थेट वरच्या टप्प्यात जातं. काटकसर करणाऱ्या आजीबाईंनाही तोच दर! हे मला पटत नाही.

माणशी रोज 135 लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण. चौघांच्या घराला 30 दिवसांत 16,200 लिटर होतात. 2021 मध्ये गोवा सरकारने घरामागे महिन्याला 16 हजार लिटरपर्यंत पाणी मोफत जाहीर केलं, तो आकडा इथे जवळपास जुळतो. पण सहा माणसांच्या घराला 24,300 लागतात. ती काय उधळपट्टी म्हणायची?

उलट बाजूही कळते. पंपाची वीज, तुरटी, क्लोरीन, पाइपांची डागडुजी, पगार, यातला बराच खर्च पाणी कमी वापरलं तरी तेवढाच राहतो. म्हणून थोडा स्थिर आकार आणि पुढे टप्प्यांचा दर मला योग्य वाटतो.

परवा रात्री सगळे नळ बंद करून टॉर्चने मीटर पाहिला, तर बारीक लाल चक्र फिरतच होतं. म्हणजे गळतीही आमच्याच माथी.

कोणी घरोघरी सबमीटर बसवलेत का? गळतीचा आणि जिन्या-बागेच्या पाण्याचा वाटा कसा ठरवता? टप्पे घरांच्या संख्येने गुणून मिळावेत म्हणून पाणीपुरवठा खात्याला अर्ज केलेल्यांनी मसुदा दाखवला तर फार उपकार होतील. रविवारी सभा आहे.