मदत हवी आहे: सी मध्ये सीरियल पोर्टवरून येणारे बाईट साठवून त्यांची पॅकेटं कशी वेगळी करावीत?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी सी मध्ये प्रोग्राम लिहितोय. शेडमध्ये २४ माग आहेत. प्रत्येक मागावर पिक (कापडात पडणारे आडवे धागे) मोजणारा सेन्सर आहे. सगळ्या वायरी एका छोट्या बोर्डावर येतात आणि तो बोर्ड आरएस-४८५ या सीरियल जोडणीवरून, ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिट), ऑफिसमधल्या लिनक्स कॉम्प्युटरला सतत डेटा पाठवत असतो.

पॅकेट १० बाईटचं आहे. सुरुवातीला १७०, मग मागाचा नंबर, मग लांबी (कायम ५), पिकांचे ४ बाईट, माग चालू की बंद याचा १ आणि शेवटी सीआरसीचे (पॅकेट शाबूत आलं का हे तपासायच्या आकड्याचे) २. बोर्ड दर वेळी मागच्या पॅकेटनंतर पडलेले पिक तेवढे पाठवतो.

पोर्ट वाचणाऱ्या रीड ला ६४ बाईट मागितले तर कधी ३ मिळतात, कधी एक अख्खं पॅकेट आणि दुसऱ्याचा तुकडा. म्हणून ५१२ बाईटचा अ‍ॅरे घेऊन आलेले बाईट त्यात मागे जोडत जातो आणि १० जमले की सीआरसी तपासतो. इथवर ठीक. पण सीआरसी चुकला तर किती बाईट टाकून द्यायचे? अख्खे १० टाकले की पुढची दोन-तीन पॅकेटंही बिघडतात. १७० हा आकडा पिकांच्या बाईटमध्येही येऊ शकतो. शिवाय शेडमधली लाईट गेली की अर्धं पॅकेट अ‍ॅरेत पडून राहतं. यासाठी रिंग बफर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरत जाणारा अ‍ॅरे) लागेलच का?

आणखी एक गोष्ट मला अजिबात उलगडत नाही. १३, १७ आणि १९ नंबरच्या मागांचं एकही पॅकेट शाबूत येत नाही. सेन्सर बदलले, वायरी बदलल्या. १३ चा सेन्सर १४ च्या जागी जोडला की व्यवस्थित चालतो. बाकीच्या मागांचीही अधूनमधून गळतात, पण क्वचित. पोर्ट उघडताना आयकॅनन, एको आणि आयएसआयजी ही टर्मिनलची सेटिंग बंद केली आहेत.

या पिकांवर विणणाऱ्यांची मजुरी निघणार आहे. आमच्या यंत्रामुळे कुणाच्याही आठवड्याच्या पगारातून एक रुपयाही कमी होता कामा नये, म्हणून चालू करण्याआधी विचारतोय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

सेन्सर आणि वायरी निर्दोष आहेत, दोष पोर्टच्या सेटिंगमध्ये आहे. आयकॅनन बंद केल्याने पोर्ट पूर्ण कच्चा (आलेले बाईट न बदलता देणारा) होत नाही. आयसीआरएनएल चालू राहिला तर आत येणारा प्रत्येक १३ हा १० होऊन मिळतो. आयएक्सऑन चालू असेल तर १७ आणि १९ हे बाईट टर्मिनलचा ड्रायव्हर स्वतःच गिळतो, कारण त्याच्या लेखी ते 'पाठवणं सुरू कर' आणि 'थांब' असे इशारे आहेत. बरोबर तुमचे तीन माग! इतर मागांच्या पिकांत किंवा सीआरसीत हेच आकडे आले की तीही पॅकेटं बाद होतात. ही सगळी सेटिंग एकदम बंद करणारं सीएफमेकरॉ वापरा, व्हीमिन १, व्हीटाईम ० ठेवा (म्हणजे रीड निदान एक बाईट येईपर्यंत थांबेल), मग टीसीसेटअ‍ॅट्र ने ती पोर्टला लावा.

पॅकेटमध्ये सीआरसी ठेवलात हे फार चांगलं केलंत. तो नसता तर १३ नंबरचे पिक १० नंबरच्या कामगाराच्या नावावर चढले असते.

प्रतिसाद २

बफरबद्दल. सीआरसी चुकला तर फक्त पहिला एक बाईट टाका आणि उरलेल्यांत पुन्हा १७० शोधा. खरी सुरुवात त्या उरलेल्या नवांतच असू शकते. दहाच्या दहा टाकले की ती हातची जाते, म्हणून तुमची पुढची पॅकेटं बिघडतात. लाईट गेल्यावर राहिलेलं अर्धं पॅकेटही याच वाटेने आपोआप बाहेर पडेल. लांबीचा बाईट हाती आला की लगेच पाहा, ५ नसेल तर तिथेच एक बाईट सोडा. नाहीतर बिघडलेली लांबी २५० वाचून प्रोग्राम २५५ बाईटची वाट बघत बसेल आणि तोवर मधली पॅकेटं अडून राहतील.

हे सगळं एका आतल्या लूपमध्ये हवं: अ‍ॅरेत पूर्ण पॅकेट उरलं नाही की मगच पुढचं रीड. रीड ला जागा देताना अ‍ॅरेत जेवढी मोकळी आहे तेवढीच मागा.

रिंग बफरची गरज नाही. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० बाईट येतात, म्हणजे एक पॅकेट यायलाच दहा मिलिसेकंदांहून जास्त लागतात. एवढ्या वेळात मेममूव्ह ने उरलेले बाईट पुढे सरकवणं अगदी किरकोळ काम आहे. बोर्डावर इंटरप्टमध्ये (बाईट येताच चालू काम थांबवून) बाईट घ्यायचे असते तर मी रिंग बफरच सांगितला असता. अ‍ॅरे मात्र अनसाईन्ड कॅरचाच (० ते २५५) ठेवा. एक्स८६ प्रोसेसरवर साधा कॅर बहुधा साईन्ड (-१२८ ते १२७) असतो, त्यात १७० चा -८६ होतो आणि सुरुवातीची तुलना कधीच जुळत नाही.

धागाकर्ता

सीएफमेकरॉ टाकल्याबरोबर १३, १७, १९ तिन्ही सुरू झाले. एकेक बाईट टाकण्याची पद्धतही बसवली, आता एक पॅकेट बिघडलं तरी त्याच्या पुढचं नीट सापडतं. मनापासून आभार. पण वायरीतल्या गोंगाटाने एखादं पॅकेट गेलंच, तर त्यातले पिक गेले ते गेलेच ना?

प्रतिसाद २

हो, आणि बफर कितीही चांगला लिहिलात तरी हे राहणारच, कारण गेलेलं पॅकेट पुन्हा मागायची सोय तुमच्या मांडणीत नाही. त्यासाठी बोर्डावरचा प्रोग्राम बदला. मधले पिक पाठवू नका, सुरू झाल्यापासूनची एकूण बेरीज पाठवा. ४ बाईटमध्ये ४२९ कोटींपर्यंत मावते. कॉम्प्युटरने नव्या बेरजेतून जुनी वजा करायची. मधली पाच पॅकेटं गेली तरी सहावं सगळा हिशेब भरून देतं. लाईट येऊन बोर्ड शून्यापासून सुरू झाला तर नवी बेरीज जुनीपेक्षा लहान दिसेल. तेव्हा वजाबाकी न करता नवी बेरीज तशीच जमा करा. लाईट जाण्याआधीचं शेवटचं पॅकेट हुकलं तर तेवढे पिक मात्र यातूनही सुटतील, म्हणून बोर्डाला छोटी बॅटरी जोडता आली तर जरूर जोडा.