विषय : कॅम्पसमधील पार्किंग, बर्फ आणि मीठ

दादरहून एक पालक :

सप्रेम नमस्कार. माझा मुलगा यंदा मिनेसोटातील एका विद्यापीठात दाखल झाला असून त्याने नुकतीच एक जुनी गाडी घेतली आहे. ज्या रात्री हिमवर्षावाचा अंदाज असेल, त्या रात्री वसतिगृहाजवळच्या पार्किंगमधून गाडी हलवावी, अन्यथा ती उचलून नेली जाईल, अशी सूचना त्याला मिळाली आहे. एवढ्या थंडीत मुलांना बाहेर काढण्यापेक्षा भरपूर मीठ टाकून बर्फ का वितळवत नाहीत? मंडळातील जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

विलेपार्ल्याहून एक निवृत्त स्थापत्य अभियंता :

ताई, नमस्कार. पार्ल्यात परतण्यापूर्वी मी तिकडे एका विद्यापीठाच्या देखभाल विभागात होतो, म्हणून लिहितो. सूचना योग्यच आहे. स्नो-प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलून बाजूला करणारे वाहन, उभ्या गाड्यांच्या मधल्या फटींत शिरू शकत नाही. एखादी गाडी जरी मागे राहिली, तरी तिच्याभोवतीचा बर्फ तसाच राहतो, दिवसा अर्धवट वितळतो आणि रात्री पुन्हा गोठून निसरडा होतो.

मीठ हे साचलेला बर्फ संपवण्यासाठी नसते, तर जमिनीशी त्याची पकड बसू नये म्हणून असते, आणि त्यामुळेच अनेक ठिकाणी हिमवर्षावाच्या आधीच मिठाचे सुमारे २३ टक्क्यांचे द्रावण फवारतात. या प्रमाणात त्याचा गोठणबिंदू उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो खरा. पण व्यवहारात उणे ९-१० अंशांच्या खाली साधे मीठ इतके मंद चालते की ते टाकणे वायाच जाते, आणि मिनेसोटातील जानेवारीत रात्रीचा पारा सर्रास त्याखाली असतो. अशा वेळी कॅल्शियम क्लोराइड वापरतात, नाहीतर वाळू पसरतात. वाळूने काही वितळत नाही, पण टायरला आणि बुटांना पकड मिळते.

जास्त टाकलेले मीठ कुठे जाते, हेही पाहावे. ते वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यांत उतरते आणि तेथून काढणे जवळजवळ अशक्य असते. एक चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पाणी कायमचे दूषित करते, असे त्या राज्याचे प्रदूषण नियंत्रण खाते सांगते. बहुमजली पार्किंगमध्ये तर मिठातील क्लोराइड स्लॅबमध्ये मुरून सळ्या गंजतात. आपल्याकडे माहीम-दादरच्या समुद्राकाठच्या इमारतींचे सज्जे ज्या कारणाने फुगतात, तेच हे कारण. (तिथल्या दुरुस्तीच्या निविदा वाचताना मला मुंबईतच असल्यासारखे वाटे.)

खरी कसोटी मात्र बाजूला काढलेल्या बर्फाचा ढीग कुठे रचायचा, ही असते. तो उताराच्या वरच्या बाजूला रचला, तर दुपारी त्यातून झिरपणारे पाणी सगळ्या पार्किंगवर पसरून संध्याकाळी गोठते. म्हणून तो खालच्या बाजूला हवा, आणि तोही गटाराची जाळी, अग्निशमनाचा नळ व अपंगांसाठी राखीव जागा सोडून. घाईत काम उरकणारे कंत्राटदार नेमके हेच विसरतात.

दादरहून पालक :

सविस्तर उत्तराबद्दल आभार. मुलाने स्वतः कोणती काळजी घ्यावी?

विलेपार्ल्याहून उत्तर :

ढिगाच्या पायथ्याशी संध्याकाळी जपून, छोटी पावले टाकत, हात खिशाबाहेर ठेवून चालावे, कारण तिथला पातळ बर्फ ओल्या डांबरासारखाच दिसतो. काचेवर गरम पाणी ओतू नये, ती तडकते. बर्फ खरवडण्याचा स्क्रेपर गाडीत ठेवतातच, पण एक खोलीतही असू द्यावा. गाडीचे दार गोठून बसले, तर आतला काहीच उपयोगाचा नाही.