सदस्य बदलला की बँड मेला? मला अजिबात पटत नाही

तीनकॉर्ड :
'मूळ सदस्य गेला त्याच दिवशी पंक बँडने नाव टाकून द्यावं, पुढचं सगळं भाड्याच्या माणसांचं काम', असं काल 'जुनी कॅसेट' यांनी लिहिलं. वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

भाड्याची माणसं? १९८९मध्ये बास गिटारवाला डी डी रमोन्स या अमेरिकन पंक रॉक बँडमधून बाहेर पडला आणि सीजे आला. बाकीच्यांपेक्षा वयाने बराच लहान, स्वतः त्या बँडचा वेडा. १९९६च्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत तो उभा राहिला, बास वाजवला, गायलासुद्धा. मी रमोन्स ऐकायला लागलो तेव्हा बासवर सीजेच होता. गाण्याआधीचं 'वन टू थ्री फोर' माझ्या कानात त्याच्याच आवाजात आहे. मग मी काय खोटे रमोन्स ऐकले?

ब्लॅक फ्लॅग या पंक बँडचं काय? 'डॅमेज्ड' हा अल्बम १९८१मध्ये आला तेव्हा हेन्री रॉलिन्स त्यांचा चौथा गायक होता. तुमच्या नियमाने त्यांनी पहिला गायक कीथ मॉरिस गेला तेव्हा, म्हणजे १९७९मध्येच गाशा गुंडाळायचा. 'डॅमेज्ड' झालाच नसता. चालणार आहे तुम्हाला?

गाणी लिहिणारा किंवा गाणारा गेला तर दुःख होतं, समजू शकतो. ड्रमर वगैरे तर बदलतच असतात.

जुनी कॅसेट :
माझं अर्धंच वाक्य उचललंत. राग नव्या मुलांवर नाही, नावावर आहे. क्लॅश बँडने १९८३मध्ये गिटारवाल्या मिक जोन्सला काढलं आणि १९८५मध्ये त्याच नावाने 'कट द क्रॅप' हा अल्बम काढला. तो सलग ऐका आणि मग माझ्याशी बोला. ज्या नावावर आपण जीव टाकला, त्या नावाखाली ड्रम मशीनची खडखड!

आणि डेड केनेडीज? २००१पासून मूळ गायक बायाफ्राशिवाय चालू आहेत. तो आवाज म्हणजेच तो बँड होता. शाळेत मला कुणी दोन शब्द बोलू देत नव्हतं, तेव्हा तो माणूस माझ्या वतीने ओरडत होता. त्याच्या जागी दुसरा कुणी तेच शब्द म्हणतो तेव्हा मला ते सहन होत नाही. यात पुराव्याचा प्रश्नच येत नाही.

फीडबॅक :
कॅसेटराव, आवाज तुमच्या जिव्हाळ्याचा, मान्य. पण रॉयल्टीच्या खटल्यात २०००मध्ये निकाल बायाफ्राच्या विरोधात लागला होता, तेही लिहा की. बँडमधल्या बाकी तिघांनी, ईस्ट बे रे, फ्लोराइड आणि पेलिग्रो यांनीही ती गाणी घडवली होती. त्यांनी स्वतःचीच गाणी वाजवायची नाहीत, असा नियम कुणी केला?

जुनी कॅसेट :
वाजवावीत. नवं नाव घ्यावं आणि खुशाल वाजवावीत. कोर्टाच्या निकालाने कान बदलत नाहीत.

स्नेअर :
मी मूळ वादात पडणार नव्हते. पण 'ड्रमर वगैरे तर बदलतच असतात' हे वाचून गप्प बसणं शक्य नाही. तीनकॉर्ड, हे 'वगैरे' कोण हो?

क्लॅशच्या 'रॉक द कॅस्बाह' गाण्याची चाल त्यांच्या ड्रमरची, टॉपर हेडनची. ड्रम, बास, पियानो, तिन्ही त्यानेच वाजवलं. १९८२मध्ये हेरॉइनच्या व्यसनापायी त्याला काढलं आणि व्हिडिओत ड्रमवर दिसतो टेरी चाइम्स. लोकांच्या डोळ्यांसमोर आजही तोच चेहरा येतो. कॅसेटराव, तुम्हीही क्लॅशच्या अंताची सुरुवात मिक जोन्सपासून केलीत, टॉपरचं नावही नाही!

जॅनेट वाइस १९९६पासून स्लीटर-किनी बँडची ड्रमर होती. २०१९मध्ये, नवा अल्बम तोंडावर असताना बाहेर पडली. पुढे मुलाखतीत तिने सांगितलं की बँडच्या निर्णयांत ती बरोबरीची उरली नव्हती. आणि लोक काय म्हणाले? 'गाणाऱ्या दोघी आहेत ना अजून.'

माझ्या बँडने मला काढलं ते तालमीची वेळ कळवणं बंद करून. एका संध्याकाळी मीच जाऊन बघितलं. माझ्याच सेटवर दुसरा मुलगा बसला होता. स्टूल त्याच्या उंचीला वर चढवलेलं, पेडलची स्प्रिंग सैल केलेली, आणि राइड झांजेवर मी लावलेली चिकटपट्टी खरवडून काढलेली. गाणी मात्र माझ्याच ब्रेकसकट, म्हणजे मी बसवलेल्या ड्रमच्या तुकड्यांसकट, चालू होती. त्या मुलावर माझा आजही राग नाही. बाकी तिघांपैकी एकानेही मान वर करून बघितलं नाही, तो राग आहे.

तीनकॉर्ड :
तुमच्याबरोबर झालं ते वाईटच. पण माझा मुद्दा ड्रमरला कमी लेखण्याचा नव्हता.

स्नेअर :
होता. वाक्य अजून तिथेच आहे.

फीडबॅक :
बासवाल्यांचंही तेच. ग्लेन मॅटलॉक १९७७च्या सुरुवातीला सेक्स पिस्टल्स बँडमधून गेला. बऱ्याच गाण्यांच्या चाली त्याच्या, पण टी-शर्टवर त्याच्या जागी आलेला सिड व्हिशस. आणि अल्बमवरचा बहुतेक बास तर गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सनेच वाजवलेला! १९९६ला परत एकत्र आले तेव्हा बोलावलं मॅटलॉकलाच.

जुनी कॅसेट :
ठीक आहे. टॉपरला विसरायला नको होतं. पण स्नेअरबाई, तुम्ही माझीच बाजू मांडताय. ड्रमर बदलला तरी बँड बदलतो, मग गायकाचं तर बोलूच नका.

तीनकॉर्ड :
बदलतो हे मी कधी नाकारलं? 'मेला' हे नाकारतोय. टॉमीने १९७८मध्ये रमोन्सचे ड्रम सोडले आणि मार्की आला. टॉमीचा हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) ऐका, त्या वेगातही आठाच्या आठ ठोके सरळ, एकही गाळलेला नाही. मार्कीला तीच पद्धत उचलावी लागली. आणि टॉमी रुसून बसला नाही, १९८४मध्ये निर्माता म्हणून परत आला. जाणारा माणूस येणाऱ्याच्या हातात काहीतरी ठेवून जातो, त्याला मी मरण म्हणणार नाही.

स्नेअर :
आता बोललात! ते आठ ठोके तासभर वाजवून बघा, मनगट पेटतं. 'वगैरे' म्हणण्याआधी हे लिहायला हवं होतं.

पण टॉमी स्वतःहून गेला होता. टॉपर आणि मी तसे गेलो नव्हतो. तुमच्या 'ठेवून जातो'मध्ये आम्ही बसत नाही.

तीनकॉर्ड :
हे खरं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण कॅसेटराव, 'भाड्याचे' हा शब्द मागे घ्या. सीजेसारख्या माणसाला तो लावणं अन्याय आहे.

जुनी कॅसेट :
सीजेपुरता घेतला मागे. मार्कीपुरताही, स्नेअरबाईंनी मनगटाचं सांगितलं म्हणून. डेड केनेडीजपुरता घेणार नाही, कितीही लिहा.