नास्तिकाने श्रद्धेशी कसं वागावं, आदराने की आडवं?

उंबरठा :
गेल्या महिन्यात एका दिवाणी दाव्यात साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले. शपथ देणाऱ्याने सवयीने सुरू केलं, "ईश्वराची शपथ घेऊन..." मी म्हटलं, देवाची शपथ नको, मी प्रतिज्ञेवर सांगते. कायद्यात तशी सोय आहे, जगावेगळं काही मागत नव्हते. तरी सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. माझेच वकील पुटपुटले, "कशाला उगाच?" तेवढ्यात मागच्या बाकावरून हळूच, पण ऐकू येईल असा आवाज आला, "म्हणू द्या हो तिला तिचं. खोट्या शपथेपेक्षा बरं." बोलणारे गृहस्थ म्हणजे खुद्द प्रतिवादी. ज्यांच्याशी माझं चार वर्षं भांडण चाललंय तेच, आणि पक्के भाविक. बाहेर आल्यावर मी त्यांचे आभार मानले.

हे एका मैत्रिणीला सांगितलं. तीही माझ्यासारखीच अश्रद्ध, पण जहाल. ती उसळलीच. "आभार कसले? तुझा हक्क तुला वापरू दिला म्हणून?"

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. श्रद्धेचा आदर करावा की तिच्याशी उघड वैर धरावं? माझा कल आदराकडे आहे. तत्त्वाचं सोडा, अनुभव सांगते. वीस वर्षांत माझ्या टोमण्याने एकही माणूस नास्तिक झालेला नाही. रुसलेले मात्र पुष्कळ.

तिरकस :
आधी त्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा.

तुम्ही वापरलीत ती सोय कुणी गोडीगुलाबीने दिलेली नाही. चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० साली नॉर्थम्प्टनमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला. देवाच्या शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या म्हणाला. नाही म्हणाले. बरं, मग शपथ घेतो म्हणाला, तर म्हणे नास्तिकाच्या शपथेला किंमत काय! घड्याळाच्या मनोऱ्यात नेऊन कोंडला. पुढच्या वर्षी धक्के मारून इमारतीबाहेर काढला. दर वेळी जागा रिकामी ठरवायची, पोटनिवडणूक घ्यायची, आणि हा गडी पुन्हा निवडून यायचा. शेवटी १८८६ मध्ये त्याला आत बसू दिलं आणि १८८८ मध्ये, त्याच्याच प्रयत्नाने, प्रतिज्ञेचा कायदा झाला. हा माणूस कोणत्या टोपणनावाने लिहायचा? 'मूर्तिभंजक'!

आणि आदराचा हिशोब काढायचाच तर दोन्ही बाजूंनी काढा. १६९७ साली एडिंबरामध्ये टॉमस एकेनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला फाशी दिली. गुन्हा काय, तर सोबत्यांमध्ये बसून धर्मग्रंथांची टिंगल केली. साक्ष दिली ती सोबत्यांनीच. त्याने माफी मागितली, पदर पसरला, उपयोग शून्य. पुढे फास गेला आणि 'भावना दुखावल्या' उरलं. त्यामुळे कुणी मला आदर करायला सांगितला की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो.

जुनी पोथी :
तिरकस, ब्रॅडलॉची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत, आणि नेमकी तुमच्या सोयीची अर्धी.

त्याला पुन्हा पुन्हा निवडून देणारे नॉर्थम्प्टनचे मतदार काय सगळे नास्तिक होते? १८८३ मध्ये प्रतिज्ञेचं विधेयक आलं तेव्हा त्याच्या बाजूने सर्वांत गाजलेलं भाषण केलं ते पंतप्रधान ग्लॅडस्टनने. हा ग्लॅडस्टन इतका धार्मिक, की ब्रॅडलॉची मतं ऐकून त्याच्या अंगावर काटा येत असेल. विधेयक तीन मतांनी पडलं, ते वेगळं. पण त्या दिवशी नास्तिकाच्या बाजूने मत देणाऱ्या बहुतेकांचा देवावर विश्वास होता. वैरावर जगणाऱ्याला हे बळ कुठून मिळालं असतं?

दुसरं. आज आपण घालतोय तो वाद ब्रॅडलॉच्या हयातीतच झडून गेलाय. समोर होता जॉर्ज होल्योक, इंग्रजीतला 'सेक्युलॅरिझम' हा शब्द १८५१ साली रूढ करणारा. होल्योकचं म्हणणं, आपलं काम याच जगातलं भलं बघण्याचं आहे, त्यात देव मानणारा सोबत आला तर येऊ दे. ब्रॅडलॉचं म्हणणं, नास्तिकतेशिवाय हे सगळं लेचंपेचं. १८७० मध्ये दोघं जाहीर व्यासपीठावर एकमेकांसमोर उभे राहिले.

आणि हा होल्योक काही मिळमिळीत माणूस नव्हता. १८४२ मध्ये चेल्टनहॅमच्या सभेत त्याला कुणीतरी देवाबद्दलच्या कर्तव्याविषयी छेडलं. देश गरिबीत आहे, तेव्हा देवालाही अर्ध्या पगारावर ठेवावं, असं काहीसं उत्तर त्याने दिलं. सैन्यातल्या बिनकामाच्या अधिकाऱ्यांना तेव्हा अर्धा पगार देत, त्यावरची कोटी. या कोटीसाठी सहा महिने तुरुंग. तो आत असताना बाहेर त्याची लहान मुलगी गेली. इतकं सोसलेला माणूस पुढे मवाळ होतो तो घाबरून नव्हे. नंतर तो मजुरांच्या सहकारी चळवळीत राबला. तिथे शेजारी बसलेला माणूस रविवारी चर्चमध्ये जाणारा असायचा. त्याची रोज टर उडवून त्याच्याबरोबर दुकान चालवता येत नाही.

रोखठोक :
एवढा इतिहास उगाळताय तर तुमच्या लोकांच्या हाती सत्ता आल्यावर काय झालं तेही सांगा की. १९३१ साली मॉस्कोतलं ख्राइस्ट द सेव्हियर कॅथीड्रल सुरुंग लावून उडवलं. १९६७ साली अल्बानियाने देशातली यच्चयावत प्रार्थनास्थळं बंद केली आणि स्वतःला पहिलं नास्तिक राष्ट्र म्हणवून घेतलं. आम्ही तुम्हाला आदर मागत नाही. आम्हाला सोडा म्हणजे झालं.

तिरकस :
रोखठोक, सुरुंग लावणारं सरकार आणि विनोद करणारा मी, यांना एका दोरीत बांधू नका. मी फार तर तुमची झोप उडवीन, कॅथीड्रल नाही.

जुनी पोथी, ग्लॅडस्टनचा मुद्दा मान्य. पण क्रम बघा. आधी सहा वर्षं कुणीतरी दारावर धडका मारल्या, म्हणून आतल्या सज्जनांना दार उघडायचं सुचलं. नुसता सज्जनपणा असता तर ग्लॅडस्टनला भाषण करण्याची वेळच आली नसती.

आणि सौम्यपणाने काय पदरात पडतं तेही ऐका. आगरकर कडक बोलले, त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. दाभोलकर सौम्य बोलले. देवाधर्माला आमचा विरोध नाही, शोषणाला आहे, हे त्यांनी किती वेळा सांगितलं त्याची मोजदाद नाही. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. मारणाऱ्याने आवाजाची पट्टी मोजली होती का?

उंबरठा :
नाही मोजली. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणणार नाही.

पण दाभोलकर सौम्य होते ते मारेकऱ्यासाठी नव्हे ना. ते होते समोर सतरंजीवर बसलेल्या माणसासाठी. जादूटोणाविरोधी कायदा त्याच डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. हात वर करणारे आमदार काय नास्तिक होते?

रोखठोक यांनी सोव्हिएत काढलंच आहे तर त्यातली मला नेहमी आठवणारी गोष्ट सांगते. १९३७ च्या जनगणनेत तिथे धर्माचा प्रश्न विचारला होता. क्रांतीला वीस वर्षं होत आलेली, 'लढाऊ निरीश्वरवाद्यांचा संघ' गावोगाव प्रचार करत होता, धर्मगुरू तुरुंगात. भीतीचं वातावरण असं, की 'होय, मी मानतो' हे सरकारी माणसासमोर सांगणं म्हणजे विस्तवाशी खेळ. तरीही निम्म्याहून जास्त प्रौढांनी 'मानतो' असं सांगितलं. सरकारने ती जनगणनाच दाबून टाकली आणि ती घेणाऱ्या अधिकाऱ्यांना पकडलं. आता सांगा, एवढ्या वैराने जे हललं नाही ते माझ्या-तुमच्या खोचक वाक्याने हलेल?

सांजवात :
मी आस्तिक आहे. एवढा वेळ वाचत होते, कारण माझ्याबद्दल इतका वेळ कुणी बोलत नाही. (आणि बोलतात ते माझ्याशी नाही, हेही लक्षात आलं.)

उंबरठा, राग मानू नका, पण तुमचा आदर मला तिरकस यांच्या टोमण्यापेक्षा जास्त बोचतो. माझे यजमान गेले तेव्हा घरात दोन नास्तिक होते. धाकटे दीर आणि माझा भाचा. दीर कधीच काही बोलले नाहीत. मी पूजेला बसले की अदबीने उठून बाहेर जायचे, चेहऱ्यावर 'असू दे बिचारीला' असं मऊ हसू. भाचा मात्र महिनाभर रोज रात्री माझ्याशी भांडला. मावशी, देव दयाळू आहे तर काकांना असं का केलं? तू मागितलंस ते मिळालं नाही, तरी तू मागतेस कशी? मी चिडले, एकदा ताट सोडून उठले. पण त्या महिन्यात मला कुणी शहाणं बाईमाणूस समजून वागवलं असेल तर त्याने. दिरांनी मला लहान मूल करून टाकलं होतं.

त्याने काही मला नास्तिक केलं नाही. पण 'मागणं' मी तेव्हापासून सोडलं. आता नुसती बसते.

तिरकस :
सांजवात, भाच्याचा पत्ता द्या, चहा पाजतो.

तुम्ही माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलंत. सश्रद्ध माणसाला वाद झेपणार नाही असं धरून चालणं, हाच खरा अपमान.

सांजवात :
तुमचं म्हणणं? भाचा रोज रात्री समोर येऊन बसायचा. मी बोलले ते ऐकायचा, दुसऱ्या दिवशी त्याला उत्तर घेऊन यायचा. तुम्ही वर जे लिहिलंत त्यात मला एकही प्रश्न विचारलेला दिसला नाही.

जुनी पोथी :
सांजवात यांनी ज्याचं वर्णन केलं त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं आधी त्याला पटेल इतकं नीट मांडायचं, मग खोडायचं. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रह' लिहिला, त्यात पहिलं प्रकरण चार्वाकांचं आहे. वेदान्ती माणूस, पण सुरुवात नास्तिकापासून. मी तरी आदर म्हणेन तो याला. गप्प बसण्याला नाही आणि चिमटे काढण्यालाही नाही.

तिरकस :
वाटच बघत होतो चार्वाकांची. पूर्वपक्ष मांडला, छान. त्यांचे मूळ ग्रंथ कुठे आहेत हो? चार्वाक आपल्याला कळतात ते त्यांना खोडणाऱ्यांच्या पुस्तकांतून. 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' पोराटोरांना पाठ. कर्ज काढा आणि तूप प्या, असे हे नास्तिक! पण त्याच संग्रहात सुरुवातीला हा श्लोक येतो त्यात ना कर्ज, ना तूप. तिथे नुसतं एवढंच आहे की मृत्यूच्या तावडीतून कुणी सुटत नाही, तेव्हा जगाल तोवर सुखाने जगा. यातला कुठला पाठ जगाने लक्षात ठेवला ते बघा. समोरच्याने मांडलेल्या पूर्वपक्षावर आमची भिस्त ठेवायची ती अशी.

जुनी पोथी :
हा फटका बसला. मान्य.

पण मग उलटंही मान्य करा. तुमच्या लिखाणातला आस्तिक हा तसाच तूप पिणारा चार्वाक आहे. भित्रा, भोळा, नवस करणारा. सांजवातसारखी नुसती बसणारी बाई त्यात कुठे आहे? आंध्रातले समाजसुधारक गोरा आणि गांधी आठवा. गोरा कट्टर निरीश्वरवादी, एक पाऊल मागे न घेणारे. तरी गांधींसमोर बसून बोलत राहिले. माझी आस्तिकता बरोबर की तुमची नास्तिकता चूक, हे मी सांगू शकत नाही, इथपर्यंत गांधी आले. गोरांच्या मुलीचं लग्न लावताना देवाऐवजी सत्याच्या नावाने विधी करायलाही तयार झाले.

तिरकस :
पाऊल मागे घेतलं ते गांधींनी! गोरांनी हट्ट सोडला नाही म्हणूनच. तुमची उदाहरणं नेहमी माझ्या घरी मुक्कामाला येतात.

(सांजवात, तुमच्याबद्दलचं बरोबर आहे. मी विचारलं नव्हतं. आता विचारतो. मागत नाही, तर मग तिथे बसून नेमकं काय करता?)

सांजवात :
सांगते, पण आज नाही. भाच्याला सांगायला मला तीन वर्षं लागली.

कंदील :
मध्येच तोंड घालतो. उंबरठा, ते प्रतिवादी काका पुढे काय म्हणाले? त्यांची साक्ष झाली का?

उंबरठा :
परवाच झाली. देवाची शपथ घेऊन त्यांनी माझ्या विरुद्धच सांगितलं, आणि एक तारीख सोडली तर खरं तेच सांगितलं. त्या तारखेवरून माझ्या वकिलांनी त्यांची अर्धा तास उलटतपासणी घेतली. एकदाही आवाज चढवला नाही. दर प्रश्नाला 'काका' म्हणत होते. काकांना शेवटी घाम फुटला, तारीख दुरुस्त झाली. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "वकील चांगला आहे तुझा."